बसऱ्याच्या लढाईतले ‘दारशेट’ म्हणजे कोण? ११७ मराठा पलटणीसोबतच्या गोऱ्या बटालियनविषयी माहिती हवी आहे

परळगावकर (प्रश्न)

नमस्कार. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याच्या लढाईला’ गेले होते. तेथून आल्यावर त्यांनी उरलेले आयुष्य परळच्या एका गिरणीत काढले. लढाईविषयी ते कधीच सविस्तर बोलले नाहीत. कोणी फारच आग्रह केला तर ‘बाजूला दारशेट होते’ एवढे म्हणत आणि उठून जात, असे आजोबा सांगायचे. दारा शेट नावाचे कोणी पारशी ठेकेदार गोदीतून पलटणीबरोबर गेले असावेत, अशी आमच्या घरात आजवर समजूत आहे. मात्र ‘होते’ हे त्यांनी एका माणसाला आदराने म्हटले की अनेकांविषयी, हा प्रश्न मला अलीकडे सतावू लागला आहे.

घरात त्यांचा कांस्याचा एक तारा आहे. त्यावर ‘१९१४-१५’ असे आकडे आहेत. मागच्या सपाट बाजूवर इंग्रजीत एक क्रमांक, ‘सिपॉय’ हा हुद्दा, पणजोबांचे नाव आणि शेवटी ‘११७ मराठाज’ असे बारीक ठोकलेले आहे. त्याच्याबरोबर चांदीचे एक गोल पदकही होते, पण गिरणीच्या एका लांबलेल्या संपात ते मोडावे लागले. ताऱ्याला सराफाकडे काहीच मोल नव्हते, म्हणून तो राहिला.

त्यांचा धाकटा भाऊही त्याच पलटणीत होता आणि तो परत आला नाही. गावच्या चावडीजवळ एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतकी माणसे महायुद्धाला गेली आणि इतक्यांनी प्राण दिले, एवढेच तिच्यावर कोरलेले आहे. नाव एकाचेही नाही. दारशेट कोण, पणजोबा कोणत्या लढायांत होते आणि धाकट्या भावाचे नाव कोठे तरी लिहिलेले सापडेल का, हे कोणी सांगू शकेल तर मी आभारी राहीन.

काळाघोडा_वाचक

तुमची शंका रास्त आहे. पणजोबांनी ‘होते’ हे अनेकांविषयीच म्हटले असणार. दारशेट म्हणजे डॉरसेट. डॉरसेटशायर रेजिमेंटची दुसरी बटालियन ही गोऱ्या पायदळाची पलटण युद्ध सुरू झाले तेव्हा पुण्यात होती. १८५७ नंतर हिंदुस्थानातल्या फौजेची बांधणी करताना सर्वसाधारणपणे प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक गोरी बटालियन आणि तीन देशी पलटणी ठेवण्याची पद्धत पडली होती. त्यानुसार पूना डिव्हिजनच्या १६व्या ब्रिगेडमध्ये २ डॉरसेट, २० पंजाबी, १०४ वेलस्लीज रायफल्स आणि ११७ मराठा या चार पलटणी होत्या, आणि जनरल डिलामेन हे त्यांचे ब्रिगेडियर होते. ११७ हा पलटणीचा क्रमांक आहे. पणजोबांचा स्वतःचा क्रमांक म्हणजे ताऱ्यावर नावाच्या आधी ठोकलेला आकडा. तो जपून उतरवून ठेवा, पुढे तोच कामाला येईल.

ही ब्रिगेड १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून निघाली. तुर्कस्तान अजून युद्धात उतरले नव्हते, म्हणून जहाजे आधी बहारीनला जाऊन थांबली. इंग्रज सरकारचा जीव अबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात आणि इराणच्या आखातावरच्या वर्चस्वात अडकला होता. युद्ध जाहीर होताच ६ नोव्हेंबरला शत-अल-अरब नदीच्या मुखाशी फाव येथे फौज उतरली. १७ नोव्हेंबरला साहिलची लढाई झाली. त्या दिवशी पाऊस कोसळून सपाट जमिनीचा चिखल झाला होता, आडोशाला एक झाडही नव्हते, आणि पाय रुतत असतानाच माणसांना तुर्कांच्या खंदकांकडे चालत जावे लागले. २२ नोव्हेंबरला बसरा हाती आला. एप्रिल १९१५ मध्ये बसऱ्याजवळ शैबा येथे तीन दिवस लढाई चालली. शेवटच्या दिवशी, १४ तारखेला, बरजिसियाच्या रानापुढे दुपारपर्यंत सारे अडकून पडले होते, तेव्हा डॉरसेट संगिनी लावून पुढे गेले आणि सगळी रांग त्यांच्याबरोबर उठली.

पुढे जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली ही डिव्हिजन तैग्रिसच्या काठाने वर सरकत गेली. २८ सप्टेंबरला कूतजवळ डिलामेन यांच्या फौजेने रात्रभर चालून दलदलीला वळसा घातला, दिवसभर पाण्यावाचून लढाई केली आणि संध्याकाळी पुन्हा संगिनींचा हल्ला चढवला. त्यानंतर बगदादचा मोह आवरला नाही. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादजवळच्या टेसिफॉनला साडेचार हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली, आणि उरलेली फौज मागे हटत ३ डिसेंबरला कूतमध्ये शिरली. तेथे तुर्कांनी वेढा घातला आणि तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत उठला नाही.

कूत हे नदीच्या वळणात वसलेले गाव आहे, म्हणजे तीन बाजूंना तैग्रिस आणि उघडी बाजू उत्तरेची. त्या बाजूच्या वायव्य भागात १६वी ब्रिगेड होती. नाताळच्या आदल्या रात्री ईशान्येच्या मातीच्या किल्ल्यावर मोठा हल्ला झाला तेव्हा तेथे १०३ मराठा होती, आणि नदीपलीकडे ज्येष्ठमधाच्या कारखान्याच्या वस्तीत ११० मराठा होती. आपल्या तीन मराठा पलटणी त्या एका वळणात अडकल्या होत्या, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. जानेवारीत पूर येऊन पुढचे खंदक बुडाले. नंतर धान्य संपत आले. जव दळण्यासाठी जात्याचे दगडसुद्धा विमानातून टाकावे लागले. गोरे सैनिक घोड्याचे मांस खाऊ लागले, पण देशी शिपायांनी ते कित्येक आठवडे नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवाव्या लागल्या, आणि तोवर ताजा भाजीपाला नसल्याने स्कर्व्हीने शेकडो माणसे खंगली होती. पणजोबांच्या मौनात हेही असू शकते. मांस खाल्ले किंवा नाही खाल्ले, दोन्ही गोष्टी गावात परतून सांगण्यासारख्या नव्हत्या.

शरणागतीनंतर आधी वरच्या अंगाला शुमरान येथे छावणी पडली. पाच महिन्यांच्या उपासाने आतडी सुकलेल्या माणसांना तेथे तुर्की सैन्याची दगडासारखी कडक बिस्किटे मिळाली, आणि ती खाऊन पहिल्याच आठवड्यात पुष्कळ मेले. अधिकाऱ्यांना शिपायांपासून वेगळे काढले गेले. शिपायांना बगदाद, तिक्रीत, मोसुल या मार्गाने वाळवंटातून चालवत नेले. डॉरसेटचे सुमारे ३५० लोक पकडले गेले होते, त्यांतले सुमारे ७० जण जिवंत घरी पोचले.

बंदरकाठ

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट आधी तपासायला हवी. पणजोबा खरोखर वेढ्यात होते का? टेसिफॉनच्या जखमींना कूतच्या वेढ्यापूर्वीच नदीमार्गे बसऱ्याला पाठवले होते, आणि तेथून पुष्कळांना मुंबईला आणले गेले. ती वाहतूक फार भयंकर होती. मेजर कार्टर नावाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने बसऱ्याला आलेली एक बोट पाहिली. तिच्या कडांवरून दोर लोंबत आहेत असे त्यांना लांबून वाटले, आणि जवळ आल्यावर ते दोर नसून दिवसेंदिवस उठता न आलेल्या जखमींची विष्ठा आहे हे दिसले. त्यांनी तक्रार केली तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच दटावले. पुढे १९१७ मध्ये मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आला, हिंदुस्थान सरकारच्या गैरव्यवस्थेवर कोरडे ओढले गेले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

आपण जेथे मुलांना संग्रहालय दाखवायला नेतो, ती प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची (आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची) घुमटाची इमारत त्या वर्षांत लष्करी रुग्णालय होती. संग्रहालय म्हणून ती १९२२ मध्ये उघडली. मी त्या मधल्या दालनात उभा राहिलो की सज्जांकडे पाहण्याआधी नजर फरशीकडे जाते.

डॉरसेटचे काही लोकही असेच वेढ्याबाहेर राहिले होते. बरे होऊन परतलेले जखमी आणि नवी भरती यांना २ नॉरफोकच्या उरलेल्या लोकांबरोबर एकत्र करून एक मिश्र बटालियन केली गेली, आणि सैनिक तिला ‘नॉरसेट’ म्हणत. कूत सोडवायला निघालेल्या फौजेत ती लढली. म्हणजे वेढ्याच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे डॉरसेट होते, आणि बाहेरच्यांना आतल्यांपर्यंत पोचता आले नाही. त्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे मेली किंवा जखमी झाली. १९१६ च्या उन्हाळ्यात मिश्र बटालियन मोडून डॉरसेटची पुन्हा उभारणी झाली, आणि युद्ध संपले तेव्हा ती पॅलेस्टाइनमध्ये होती.

पणजोबा गावी कधी परतले, ते घरात कोणाला आठवते का?

परळगावकर

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री मोठ्या आत्याला फोन केला. ती नव्वदीला आली आहे, पण तिचे बोलणे स्वच्छ आहे. ती म्हणाली, ‘आजा साथीच्या वर्षानंतर आला. तुर्काच्या रेल्वेवर माती टाकली, असं म्हणायचा. आपण लढलो, असं कधीच म्हणाला नाही.’

काळाघोडा_वाचक

मग शंका उरत नाही. साथीचे वर्ष म्हणजे इन्फ्लुएन्झाचे, १९१८. कूतच्या देशी कैद्यांपैकी फार मोठ्या संख्येला रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले होते. पणजोबा वेढ्यात होते आणि कैदेत होते.

घाटमाथा

धाकट्या भावाविषयी लिहितो, कारण माझ्या आईच्या माहेरचे एक नाव मी याच वाटेने शोधले आहे.

ज्यांची कबर माहीत नाही, अशा मेसोपोटेमियातल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक बसऱ्याला आहे. ते पूर्वी मकिलच्या नौदलाच्या गोदीजवळ होते, १९९७ मध्ये हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेले. त्या भिंतींवर डॉरसेटच्या साध्या शिपायाचेही नाव कोरलेले आहे. देशी पलटणींचे मात्र अधिकारीच नावाने आहेत. शिपायांचा पलटणीनिहाय फक्त आकडा कोरला गेला. तुमच्या चावडीजवळच्या पाटीवर जे झाले तेच तेथे झाले. एकाच चिखलात, एकाच ब्रिगेडमध्ये मेलेल्या दोन माणसांमध्ये दगडावर केलेला हा भेद मला वाचल्या दिवसापासून सलतो. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये या वागणुकीची जाहीर कबुली दिली आणि माफी मागितली.

तरी नावे हरवलेली नाहीत. ती आयोगाच्या नोंदवहीत आहेत आणि आता संगणकावर शोधता येतात. शोधताना एक काळजी घ्या. मराठी नावांचे इंग्रजी स्पेलिंग त्या काळच्या कारकुनाने कानाला लागले तसे लिहिले आहे. ‘विठोबा’ तीन प्रकारे सापडतो. म्हणून आधी नावाने शोधू नका. ११७ मराठा ही पलटण निवडा, १९१६ ते १९१८ ही वर्षे निवडा आणि यादी सावकाश वाचत जा. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव आणि गाव दिलेले असते, आणि खरी ओळख तेथेच पटते. युद्धकैद्यांची कार्डे आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने संगणकावर खुली केली आहेत, तीही पाहा.

पणजोबांचे दिवस डॉरसेटच्या कागदांत शोधता येतील. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गोऱ्या बटालियनांच्या युद्धदैनंदिन्या आहेत. त्यांत ‘आज ब्रिगेडने अमुक ठिकाणी मुक्काम केला’ असे वाक्य आले की समजा, त्या रात्री तुमचे पणजोबाही तेथेच झोपले होते. मुंबईत एशियाटिकच्या ग्रंथालयात त्या वर्षांची वर्तमानपत्रे चाळता येतात, आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारातही एकदा अर्ज करून पाहा.

किल्लेदार_४४

विषय थोडा पुढच्या युद्धाचा आहे, पण याच डॉरसेट बटालियनचा आहे, म्हणून लिहितो. १९४२ मध्ये २ डॉरसेट पुन्हा हिंदुस्थानात आली आणि तिच्या डिव्हिजनचा तळ आपल्या अहमदनगरला पडला. १९४४ च्या वसंतात तेथून तिला कोहिमाला नेले. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टाच्या एका कडेला डॉरसेट आणि दुसऱ्या कडेला जपानी, अशी लढाई पंधरवड्याहून जास्त चालली. १३ मे रोजी एक ली रणगाडा डोंगरउतारावरून थेट कोर्टावर उतरवला आणि त्याने अगदी जवळून खंदक फोडले, तेव्हा ती जागा सुटली. आता तेथे युद्धसमाधी आहे आणि कोर्टाच्या पांढऱ्या रेषा जपलेल्या आहेत.

त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात चौथी मराठा बटालियन मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांना अडवून धरत होती. कोहिमाला तयारीसाठी जे थोडे दिवस मिळाले, त्यांत त्या लढाईचा वाटा आहे. तुमच्या पणजोबांचे ‘बाजूला दारशेट होते’ हे वाक्य त्या पिढीलाही लागू पडते.

परळगावकर

रविवारी दुपारी यादी वाचायला बसलो. वीस-बावीस पानांनंतर आमच्या गावाचे नाव दिसले. स्पेलिंग इतके वेगळे होते की मोठ्याने वाचून पाहिल्यावरच ते ओळखू आले. बापाचे नाव जुळते. तारीख सप्टेंबर १९१६ ची आहे. पणजोबांना ती ठाऊक होती की नाही, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

पणजोबांच्या ताऱ्यावरचा क्रमांक भिंगाखाली पाहिला. शेवटचा आकडा ३ आहे की ८, ते झिजल्यामुळे ठरत नाही, म्हणून रेड क्रॉसकडे दोन्ही क्रमांक कळवले आहेत. आत्याला नोंदीचा मोठा छापील कागद नेऊन दिला. तिला इंग्रजी वाचता येत नाही, तर मी बोट ठेवून दाखवले. तिने त्याच ओळीवर स्वतःचे बोट ठेवले आणि मला नाव पुन्हा एकदा वाचायला सांगितले.