मदत हवी आहे: दम लागणाऱ्या पेशंटचं जीवनमान मोजायला कोणती प्रश्नावली?

बालाघाट: सोमवारी थीसिसचा सिनॉप्सिस (आराखडा) द्यायचाय आणि गाईड म्हणतात, आधी आउटकम, म्हणजे काय मोजणार ते, ठरवा. पेशंटचं जीवनमान मोजायचंय. सेंट जॉर्ज प्रश्नावली घेऊ की कॅट? वाचून वाचून डोकं भणभणलंय. एकच नाव सांगा, निबंध नको.

लातूरचा_पल्मो: पेशंट कोणते? त्यांच्यावर करणार काय? एकदाच मोजायचं की आधी आणि नंतर? वाचता येतं का त्यांना?

बालाघाट: ओपीडीतले फुफ्फुसाचे जुने पेशंट. श्वासाचे व्यायाम शिकवून आठ आठवड्यांनी परत मोजणार. बहुतेकांना वाचता येत नाही. सांगा आता.

लातूरचा_पल्मो: मग कॅट. आठ प्रश्न, प्रत्येकी ० ते ५, एकूण ४०. ओपीडीची रांग न थांबवता उरकते. दोन गुण कमी झाले तरी पेशंटला फरक जाणवला असं धरतात. सेंट जॉर्जचे ५० प्रश्न विचारता विचारता पेशंटच धापा टाकतो.

गोदाकाठ: थीसिसला कॅट तोकडी पडते. सेंट जॉर्ज १९९२ पासून वापरात आहे. लक्षणं, हालचाल, आयुष्यावरचा परिणाम असे तीन वेगळे गुण मिळतात, शिवाय एकूण ० ते १००, जास्त म्हणजे वाईट. ४ गुणांचा फरक पुरेसा मानतात. हालचाल सुधारली की नुसती भीती गेली, हे कॅटच्या एका बेरजेतून कसं काढणार?

लातूरचा_पल्मो: तुमच्या सेंट जॉर्जमध्ये बर्फ उपसायचा उल्लेख आहे, टेनिसचाही आहे. केजच्या आजीला विचारा बरं, टेनिस खेळताना दम लागतो का म्हणून!

गोदाकाठ: त्याच वाक्यात जड ओझं उचलणंही आहे, ते आजी रोज उचलते. आणि बालाघाट, बर्फ काढून तिथं सरपण घालायचा मोह आवरा. वाक्य बदललं की त्याच्या उत्तराला ठरवून दिलेला गुणांचा भार लागू राहत नाही. लंडनच्या सिटी सेंट जॉर्ज विद्यापीठाकडून परवानगी लागते, मराठी आवृत्तीचंही त्यांनाच विचारा.

मोसंबी_जालना: मोजून काय होणार? चूल बंद करा आधी. उज्ज्वला २०१६ ला आली, शेगडी घरोघर गेली, पण सिलिंडर परत भरायला पैसे लागतात अन् तुराट्या-पऱ्हाट्या घरामागं फुकट पडलेल्या. आमच्याकडं गॅसवर फक्त चहा होतो.

सुखी_माणूस: ज्येष्ठमध आणि मध, सकाळी उपाशीपोटी. आमच्या मावशीला गुण आला.

गोदाकाठ: मावशीचा स्कोअर किती होता?

फिजिओ_परभणी: मी अशा प्रश्नावल्या वाचून दाखवते. ताई, खरी कटकट सोबत आलेल्या माणसाची असते. एका आजीला अंघोळीचं विचारलं, तर मुलगाच म्हणाला, "सगळं स्वतःचं स्वतः करती, काई तरास नाई." त्याला केसपेपर आणायला पाठवला. मग आजी हळूच म्हणाली, "बसून करते अंघोळ. डोकं पंधरवड्यातून एकदा धुते, हात वर धरवतच नाई." हात वर धरून काम केलं की या लोकांना लगेच दम भरतो. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकर मारून श्वास मोजतात त्यात, हे कुठं दिसणार? नातेवाईक बाहेर बसवा आणि प्रश्न जसाच्या तसा वाचा, समजावून सांगायला लागलात की उत्तर तुमचं होतं. बरं, यात टीबी होऊन गेलेले किती?

बालाघाट: निम्मे तरी असतील. त्यानं काय फरक पडतो? दम तोच ना?

लातूरचा_पल्मो: अहो, सगळा फरक त्यानंच पडतो! कॅट २००९ मध्ये सीओपीडीसाठीच बनली, म्हणजे विडी-धुरानं श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात त्या आजारासाठी. टीबीवाले वेगळे काढणार असाल तर माझं उत्तर कायम. नाहीतर गोदाकाठ म्हणतात तेच, नाइलाज आहे.

गोदाकाठ: 😀 सेंट जॉर्ज ब्राँकिएक्टॅसिसमध्येही (श्वासनलिका कायमच्या रुंद होतात तो आजार) तपासलेली आहे, टीबीनंतर तो बऱ्याच जणांना असतो. फायब्रोसिसवाले (फुफ्फुस कडक झालेले) घेऊ नका, त्यांच्यासाठी के-बिल्ड ही वेगळी प्रश्नावली आहे. अजून एक, मूळ सेंट जॉर्ज लक्षणं गेल्या वर्षभरातली विचारते. आठ आठवड्यांच्या अभ्यासात ती वापरली तर व्यायामाआधीचे महिनेही त्यात येणार. चार आठवड्यांची आवृत्ती मागा.

फिजिओ_परभणी: जोडीला सहा मिनिटं चालण्याची चाचणी ठेवा. ३० मीटरचा सरळ कॉरिडॉर लागतो, आमच्याकडं तिथं नातेवाईक सतरंज्या टाकून झोपलेले असतात, म्हणून आम्ही सकाळी लवकर उरकतो.

बालाघाट: म्हणजे सेंट जॉर्ज, चार आठवड्यांची, वाचून दाखवून. पण सोमवारपर्यंत परवानगी कुठून आणू?

गोदाकाठ: मेल आजच टाका आणि सिनॉप्सिसमध्ये "परवानगी मागितली आहे" असं लिहा. पेशंट घ्यायला मात्र ती येईपर्यंत सुरुवात करू नका.

नवीन_सभासद: वडिलांना पंप दिलाय, सवय लागते म्हणतात. बंद केला तर चालेल का?

लातूरचा_पल्मो: पंप बंद करू नका. बाकीचं नवीन धाग्यात विचारा, आणि दमा आहे की सीओपीडी, वय किती, विडी किती, सगळं लिहा.