मदत हवी आहे: पेरिस्कोपमधून सगळं उलटं दिसतंय, विज्ञान दिन चार दिवसांवर

पांदण
यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवतो. पोरांनी बारा पेरिस्कोप बनवले. पुठ्ठा, आरसे, टेप सगळं ठीक. कोन ४५ अंशांचाच, गुण्यानं मोजलाय. तरी उलटं दिसतं. पोरं हिरमुसलीत आणि २८ फेब्रुवारीला गाव बघायला येणार आहे. आरसे बदलू का? लवकर सांगा.

वर्धाकाठ
उलटं म्हणजे कसं? डावं-उजवं की डोकं खाली, पाय वर? नळी केवढी?

पळसफूल
सर, आरशात डावं-उजवं बदलणारच. ॲम्ब्युलन्सवरची अक्षरं म्हणून तर उलटी लिहितात. मुलांना तेच समजावून सांगा, बिघाड काही नाही.

वर्धाकाठ
पळसफूल, एका आरशात बरोबर आहे. इथं दोन आहेत, पहिल्यानं केलेली अदलाबदल दुसरा मोडतो. पेरिस्कोपातून पाटी सरळ वाचता आलीच पाहिजे.

वऱ्हाडी_गडी
भाऊ, मी मागच्या साली हेच करून पायलं. नळी लांब झाली का इतकुसंच दिसते. नळी कापा, कोनाच्या मागं लागू नका.

पांदण
नळी ४० सेंमी, आतून ५ बाय ५. आरसे ५ बाय ७. कमी दिसत नाही हो, उलटं दिसतं! माणसं डोक्यावर उभी.

रंगीत_काच
चार दिवसांत पेरिस्कोप कशाला? कॅलिडोस्कोप करा. आरशाच्या तीन सारख्या पट्ट्या त्रिकोणात बांधा, आत फुटक्या बांगड्यांचे तुकडे. ६० अंशांतल्या दोन आरशांत एका तुकड्याच्या पाच प्रतिमा मोजता येतात. ब्रूस्टरनं १८१७ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. आमच्या पोरी तासभर डोळा काढत नाहीत.

वर्धाकाठ
ताई, त्यांनी पेरिस्कोप विचारलाय. बारा नळ्या तयार आहेत, त्या टाकून द्यायच्या का?

पळसफूल
मुळात सातवीच्या मुलांच्या हाती काच द्यावीच का? ॲक्रिलिकचा आरसा मिळतो.

वऱ्हाडी_गडी
खेड्यात कोठी भेटते तो? फोटो फ्रेमवाल्याकडचे उरलेले तुकडे आना, कडा पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं घासा, वरून टेप मारा. एका पोराचं बोट नाही कापलं आमच्याकडं.

वर्धाकाठ
पांदण सर, एवढंच सांगा: त्यातून समोरचं दिसतं की पाठीमागचं? दोन्ही खिडक्या नळीच्या एकाच बाजूला आहेत का?

पांदण
आत्ता शाळेत जाऊन पाहिलं. पाठीमागचं! मागचा कडुनिंब दिसतोय, शेंडा खाली. वर्गात चारी भिंतींना तक्ते आहेत म्हणून ध्यानातच आलं नाही. आणि हो, खिडक्या एकाच बाजूला. नमुना एकच काढला आणि वरच्या टोकाला पालथा ठेवून गिरवला.

वर्धाकाठ
मग कोन बरोबर असूनही आरसे एकमेकांशी काटकोनात बसलेत. ते समांतर हवेत, म्हणजे खिडक्या आपोआप समोरासमोरच्या बाजूंना येतात. आरसे काढू नका. नळी चौकोनी आहे ना? वरचा आरसा आणि खिडकी असलेला तुकडा कापा, अर्धा फेरा फिरवा, टेप लावा. झालं.

विज्ञानवेडा_नागपूर
मुलांना रमण विज्ञान केंद्रात घेऊन या एकदा. रमण स्वतः सुरुवातीला काही काळ नागपुरात लेखा खात्यात होते, हेही सांगा. आणि २६ मेच्या आसपास भरदुपारी नागपुरात सरळ उभ्या काठीची सावली पायाशीच नाहीशी होते, तेही दाखवा.

पळसफूल
मे महिन्यात शाळा कुठं असते?

पांदण
एक कापून फिरवला. सातवीतल्या एका मुलीनं भिंतीआडून एसटीची पाटी वाचली, ‘पांढरकवडा’, आणि जोरात ओरडली. उरलेले अकरा उद्या पोरांकडूनच कापून घेतो. आधी दोन सुटे आरसे हातात देईन, समांतर आणि काटकोनात धरून बघतील, मग कात्री. वऱ्हाडी भाऊ, पॉलिश पेपर किती नंबरचा घेऊ?