हेड्रियनची भिंत : आई-बाबांना घेऊन दोन दिवसांत काय पाहावं?

किल्लेवेडी : नमस्कार मंडळी. मी लीड्सला असते. जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून येतायत. बाबांनी उभ्या हयातीत गड पालथे घातले, त्यामुळे रोमन सम्राट हेड्रियनने उत्तर इंग्लंडमध्ये बांधलेली ही भिंत त्यांना बघायचीच आहे. आईचे गुडघे दुखतात, तिला चढ नको. गाडी आहे. न्यूकासल ते कार्लाइल सगळी भिंत बघत जावी असं डोक्यात आहे. दोन दिवसांत जमेल?

टाइनकाठ : सगळी नका करू. भिंत ११७ किलोमीटरची, पण सलग उभी नाही. न्यूकासल सोडल्यावर बी-६३१८ रस्ता लागतो. अठराव्या शतकात लष्करासाठी तो बांधला, तेव्हा कित्येक मैल भिंत पाडून तिचेच दगड खाली घातले. तुमची गाडी भिंतीवरून जात असते आणि दिसत काहीच नाही. दोन्ही दिवस मधल्या टप्प्याला द्या, मुक्काम हेक्सहॅमला करा.

पहिल्या दिवशी चेस्टर्स. घोडदळाचा किल्ला, नदीकाठ, बराचसा सपाट. आईंना जमेल. तिथल्या संग्रहालयात जॉन क्लेटनबद्दल बाबांना नक्की वाचायला सांगा. हा न्यूकासलचा टाउन क्लार्क, म्हणजे नगरपालिकेचा मोठा अधिकारी. एकोणिसाव्या शतकात लोक घरं-कुंपणांसाठी भिंतीचे दगड उचलून नेत होते. ते थांबावं म्हणून त्याने भिंतीखालच्या जमिनीच विकत घ्यायला सुरुवात केली. आज मधला टप्पा बघायला मिळतो तो बराचसा या माणसामुळे.

सह्यमित्र : बाबांसाठी हाउसस्टेड्सचा रोमन किल्ला हवाच. वाहनतळापासून दहा-पंधरा मिनिटांची चढण आहे, आईंना खाली बसू द्या. वर कड्याच्या धारेवरून भिंत पळताना दिसते. दर रोमन मैलाला (साधारण दीड किलोमीटर) एक चौकी आणि दोन चौक्यांमध्ये दोन बुरूज, ही इ.स. १२२ ची आखणी तिथे उभं राहिल्यावर नीट कळते.

एक विनंती. आपल्याला तटावरून चालायची सवय असते. इथे भिंतीवर चढू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. वरचे दगड सुटतात, आत पाणी मुरतं. १९८७ पासून हा जागतिक वारसा आहे, पण तो जपायचा आपल्याच पायांनी.

अक्षरगंध : आईंसाठी विंडोलांडा! भिंतीच्या थोडं दक्षिणेला असलेला रोमन किल्ला. ओल्या, हवाबंद मातीत लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं टिकली, १९७३ मध्ये सापडली. एकात कुणी सैनिकाला मोजे आणि अंतर्वस्त्रं पाठवल्याचं कळवतं. दुसऱ्यात क्लॉडिया सेव्हेरा मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावते आणि शेवटच्या ओळी स्वतःच्या हाताने लिहिते. ती पट्टी लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, पण काही पट्ट्या इथेही मांडल्यात. मला तरी भिंतीपेक्षा ही पत्रंच जास्त आठवतात.

किल्लेवेडी : आणि भिंतीजवळचं ते दोन टेकड्यांमधलं प्रसिद्ध झाड, सिकॅमोर गॅपचं?

टाइनकाठ : सप्टेंबर २०२३ मध्ये रात्री कापलं. भिंतीलाही इजा झाली. दोघांना शिक्षा झाली. बुंध्याला कोंब फुटलेत, लांबून बघा. परतताना साउथ शील्ड्सला थांबाल का? तिथे रोमन काळात सीरियातल्या पाल्मिरा शहराच्या बाराटेसने आपल्या ब्रिटिश बायकोचं, रेजिनाचं स्मारक उभारलं. लॅटिन मजकुराखाली एक ओळ त्याच्या स्वतःच्या लिपीत आहे.

किल्लेवेडी : ही ओळ आईला दाखवायचीच. तिसऱ्या दिवसाची रजा टाकते. आभार सगळ्यांचे.