तर, तरांडे, तारू आणि सांगड

खाडीपल्याड

मराठा आरमारावरची पुस्तके सध्या सलग वाचतो आहे. लढाया, तह, सनावळ्या सगळे व्यवस्थित असते, पण जहाजांच्या नावांपाशी आले की लेखकांना घाई होते. ‘गुराबा, गलबते, तरांडी, तारवे, शिबाडे, मचवे’ असे एका दमात म्हणून मोकळे होतात. तळटीप असलीच तर प्रत्येकापुढे ‘एक प्रकारचे जहाज’!

गुराब आणि गलबत यांचे बरे वर्णन मिळते, कारण इंग्रजांनी त्यांच्याकडून मार खाल्ला होता. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म सांगतो: गुराब 150 ते 300 टनांची, दोन डोलकाठ्यांची, क्वचित तीन, लांबीच्या मानाने रुंद, थोड्या पाण्यातही चालणारी, पुढे निमुळती होत गेलेली. गलबत त्याच घडणीचे, पण 70 टनांच्या आतले आणि 40-50 वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला की गलबतांनी गुराबेला ओढून न्यायचे. इथपर्यंत चित्र डोळ्यांपुढे येते.

माझे अडते ते तरांडे आणि तारू या दोन शब्दांशी. आरमाराच्या यादीत हे हटकून येतात. पण तेच शब्द ज्ञानेश्वरीतही आहेत, आणि नेवाशाला समुद्र कुठला? मग मुळात हे आहे काय: होडी, तराफा की जहाज? मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात तारू म्हणजे सरळ जहाज. समाधान झाले नाही.

पोथीवाला

नेवाशाला समुद्र नाही, पण प्रवरा आहे, आणि पावसाळ्यात ती ओलांडून जाणे हा तेव्हा गमतीचा विषय नव्हता. सातव्या अध्यायात मायेला नदी केले आहे. ती कोण तरले याच्या ओव्या बघा:

‘जयां सद्गुरु तारू पुढें । जे अनुभवाचिये कांसे गाढे । जयां आत्मनिवेदन तरांडें । आकळलें ॥’

इथे तारू म्हणजे पुढे असलेला, पार नेणारा माणूस. तरांडे म्हणजे ज्यावर बसून जायचे ते. बाराव्यात देव स्वतःच म्हणतो की सहस्रनामांच्या नावा सजवून मी संसारात तारू झालो. तारूचा अर्थ नाव घेतला तर ‘नावा सजवून नाव झालो’ असे काहीतरी विचित्र होते. ‘तारणारा, नावाडी’ हाच अर्थ नीट बसतो. नाव चालवणाऱ्याचा शब्द पुढे नावेलाच चिकटला असावा. आज ‘तारू किनाऱ्याला लागले’ म्हणताना नावाडी कोणाच्या मनातही येत नाही.

त्याच्याच पुढची ओवी तर नदी ओलांडायच्या व्यवस्थेचे टिपणच आहे. जे सडे, म्हणजे एकटे दिसले, त्यांना ध्यानाच्या कासेला, म्हणजे कमरेला कसलेल्या वस्त्राला, लावले. परिग्रह, म्हणजे बायकामुले-बिऱ्हाड असलेल्यांना तरियावर घातले. आणि ‘प्रेमाची पेटी । बांधली एकाचिया पोटीं’. ही पेटी म्हणजे पोटाशी बांधून तरंगायचे साधन. एकट्याने पोहणाऱ्याची कास धरून जायचे, कुटुंबाने नावेत बसायचे, धीट माणसाने पेटी बांधून पाण्यात उतरायचे. आपण ‘विज्ञानाची कास धरा’ म्हणतो तेव्हा ती पाण्यात पुढे असलेल्या माणसाचीच कास आहे.

मांडवीकर

गोव्यात आणि सिंधुदुर्गात तर-तारू या शब्दांमागचा ‘तरणे’ हा धातू अजून कामावर आहे. नदी उतरायची जागा ती तार. शिवोलीची तार म्हटले की कोणालाही कळते. नाव नेणारा तो तारी, आणि तारी हे आडनाव मालवणपर्यंत भेटेल. रत्नागिरीकडचे जुने लोक ‘दाभोळची तर’ म्हणत. ‘तरीने पलीकडे गेलो’ हे वाक्य आजच्या पोरांना छापखान्याची चूक वाटेल.

वल्हेकरी

मला यात एक मोठी विभागणी दिसते. पार नेण्याचे शब्द घरचे: तर, तरी, तारू, तरांडे, नाव, नावाडी. दर्यावरचे शब्द मात्र पुष्कळसे दर्यावरूनच आले. सुकाणू अरबी सुक्कान. खलाशी अरबी. नाखवा म्हणजे फारसी नाखुदा, नावेचा धनी. खलाशांचा म्होरक्या सारंग म्हणजे फारसी सरहंग. गुराब म्हणजे अरबीत चक्क डोमकावळा. जहाज तर मुळात सामानसुमान, सरंजाम या अर्थाचा शब्द. मुलीबरोबर द्यायच्या सामानाचा जहेजही त्याच कुळातला. आरमार पोर्तुगीज आर्मादावरून, फरगात हे जहाज फ्रागातावरून.

जाता जाता: कान्होजी आंग्र्यांचा सरखेल हा किताब घ्या. अरबीत खैल म्हणजे घोडे. घोडेस्वारांच्या नायकाचा शब्द समुद्रावरच्या सेनापतीला बसला. आज्ञापत्र या मराठेकालीन राजनीतीच्या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्य ‘आरमार म्हणजे स्वतंत्र एक राज्यांगच आहे’ असे सांगून लगेच दाखला देतात तो घोडदळाचाच. देशावरच्या राज्यकर्त्याला समुद्र समजावून सांगायचा तर दुसरे काय हाताशी असणार?

पोथीवाला

विभागणी आवडली, पण ती इतकी सरळ नाही. डोलकाठी, वल्हे हे घरचेच शब्द आहेत आणि समुद्रावरच वावरतात. तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, हा शब्द ना फारसी ना अरबी, तो दक्षिणेकडचा. तेलुगू-मल्याळमात त्याची भावंडे आहेत. आणि नांगर? शेतातला नांगर संस्कृत लांगलावरून, जहाजाचा फारसी लंगरावरून असे सांगतात. हिंदी-गुजरातीने लंगर तसाच ठेवला. मराठीने मात्र दोघांना एकाच खुंटीला बांधले.

खाडीपल्याड

म्हणजे तरांडे नदीतून समुद्रात गेले असे धरू. आकारमानाचे काय?

वल्हेकरी

आकारमान कशाला? ‘वाहन’ म्हटल्यावर चाके किती हे कुठे कळते? तरांडे हा ढोबळ शब्द असावा, गुराबेसारखा ठरीव घाटाचा नव्हे. तळटिपेत टनांचा आकडा घालू नका एवढे मात्र नक्की.

सांगडी

तरांड्याच्या शेजारचा एक शब्द सगळ्यांनी सोडला: सांगड. आता तो फक्त भाषणांत उरला आहे, परंपरा आणि आधुनिकता यांची सांगड घालायला. मोल्सवर्थमध्ये मात्र सांगड म्हणजे दोन होड्या एकत्र बांधून केलेले तरंगते साधन, किंवा पोहण्यासाठी जोडलेले दोन भोपळे. मूळ संस्कृत संघाट. पाणी उतरायची ही सगळ्यात स्वस्त युक्ती: एक होडी कलंडते, दोन बांधल्या की कलंडत नाहीत, आणि वर फळ्या टाकल्या की बैलगाडीही जाते.

गंमत पुढेच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तकात चोळमंडळाच्या किनाऱ्यावर ‘संगरा’ नावाच्या नौका येतात: मोठमोठी एकसंध लाकडे एकत्र बांधून केलेल्या. मराठीची घडण उलगडणारा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक याने 1920 च्या ग्रंथात आपली सांगड त्या शब्दाशेजारी ठेवली. तमिळमध्ये तो शंगडम्, तुळूत जंगल म्हणजे जोडहोडी. पोर्तुगिजांनी मलबारातून तो उचलला, जंगाडा केला आणि ब्राझीलला नेला. तिथल्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी अजून आपल्या तराफ्याला जंगाडा म्हणतात. केरळात दोन होड्यांवर फळ्या ठोकून गाड्या नेतात तो जंकार.

आणि रायगड जिल्ह्यात दिघी-आगरदांड्याच्या बाजूला गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीला लोक ‘जंगल जेटी’ म्हणतात. या नावातले जंगल झाडांचे नसून हाच दक्षिणी जंकार-जंगल असावा, असा माझा अंदाज.

मांडवीकर

पटण्यासारखे आहे. जेटी म्हणजे धक्का. धक्का कसा चालत जाईल? बोटीचे नाव पहिल्या अर्ध्यातच असणार.

वल्हेकरी

मग सांगड भोपळे सोडून भाषणात गेली आणि तिची मावसबहीण वेश बदलून दिघीला कामाला लागली म्हणायचे! पण अंदाज पक्का करायला पुरावा हवा. कोकणातल्या एखाद्या खाडीत दोन होड्या जोडून गुरे-गाड्या नेत असताना त्या जोडीला ‘सांगड’ म्हटलेले कोणी ऐकले आहे का? बाणकोट, जयगड, राजापूर, कुठलेही गाव चालेल. छापील नोंद मिळाली तर पानासकट टाका.