तागडीतल्या थैल्या: मोगल चित्रांतलं दान कितपत खरं?

कुंचला
अबुल हसनचं साधारण १६२०-२५चं चित्र, सध्या लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात. पृथ्वीच्या गोलावर सिंह आणि कोकरू, त्यांच्यावर जहांगीर उभा, आणि बाण सोडतोय एका काळपट, हाडं निघालेल्या म्हाताऱ्यावर. हे दारिद्र्य. फारसी मजकुरातही शब्द 'दलिद्दर', म्हणजे आपलं दळिद्रच! दानाच्या बाणाने त्याला जगातून घालवलं, असा दावा. बादशहाच्या प्रभावळीला मात्र सोनं: वर्ख गोंदात मळायचा, धुऊन घ्यायचा, लावून सुकला की अकीकाच्या दगडाने घोटायचा. माझ्या मते हे दान नव्हे, शिकार आहे. कुणाच्या हातावर एक दमडी पडताना दिसत नाही. सरळ जाहिरात.

तवारीख
जाहिरात कुणासाठी? असली पानं मुरक्क्यात, म्हणजे बादशाही चित्रसंग्रहाच्या वहीत, बांधली जायची, रयतेच्या नजरेला पडायची नाहीत. शिवाय रूपकात दमडी शोधायची नसते. याच चित्रातली आकाशातून लोंबणारी न्यायाची साखळी घ्या, फिर्यादीने ओढून दाद मागायची. ती खरोखर होती: जहांगीरच्या आत्मचरित्राप्रमाणे सोन्याची, ३० गज, ६० घंटा, वजन ४ मण, आग्र्याच्या शाहबुर्जापासून यमुनेकाठच्या खांबापर्यंत. दानाचं बघायचं तर जहांगीरचा मुलगा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, याच्या तुळेचं चित्र बघा, ब्रिटिश म्युझियममधलं. प्रसंग १६०७चा, काबूलच्या ओर्ता बागेतला. राजपुत्र तागडीत, दुसऱ्या पारड्यात थैल्या, आणि ते सगळं फकीर-गरजूंना वाटायचा हुकूम.

कुंचला
बरोबर, पण पुढ्यातल्या तबकांत काय आहे? जडावाचे खंजीर, दागिने, वस्त्रं. ही खुर्रमने बापाला दिलेली पेशकश, म्हणजे नजराणा. चित्रातली सगळ्यात निगुतीने रंगवलेली संपत्ती गरिबांकडे नाही, वर चाललीय. दरबाऱ्यांच्या अंगावर नावं लिहिलीत, कोनाड्यांत चिनी भांडी आहेत, फकीर एकही नाही. आणि तुळा का केली? ज्योतिष्यांनी वर्ष महत्त्वाचं सांगितलं, मुलाची तब्येतही बरी नव्हती. आपल्याकडे याला पीडापरिहार म्हणतात.

रोकडा
थैल्यांवरून आठवलं. १६१७मध्ये मांडूला इंग्रज वकील टॉमस रो जहांगीरच्या तुळेला हजर होता. चांदीचे ९,००० रुपये भरले म्हणतो. रुपया ११.४ ग्रॅमचा धरला तर १०० किलोच्या वर; बादशहाचं खाणंपिणं बघता पटतं. सोनं-जवाहीरही थैल्यांतच होतं, आत खडेही असतील, असा त्याचा टोमणा. चित्रकारानेही थैल्या बंदच ठेवल्यात.

तवारीख
रो नजराणे देऊन आणि फर्मानाची वाट बघून वैतागलेला वकील होता. त्याचा टोमणा म्हणजे हिशेब नव्हे. आणि पीडापरिहारासाठी दिलं म्हणून घेणाऱ्याचं पोट कमी भरतं का?

कुंचला
भरतं. म्हणूनच म्हणतोय, दान शोधायचं तर चित्र सोडा, मजकूर वाचा. १६३०-३२च्या दुष्काळात शाहजहानने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरतेत लंगर घातले. बुऱ्हाणपुरात शिवाय दर सोमवारी ५,००० रुपये, २० आठवडे: १ लाख. हे दरबारी इतिहासकार लाहोरीच्या पादशाहनाम्यात, म्हणजे शाहजहानच्या कारकिर्दीच्या बखरीत आहे. त्याच्या इंग्लंडमधल्या विंडसरच्या सचित्र प्रतीत ४४ चित्रं: दरबार, वेढे, शिकार, शाहजहानची तुळासुद्धा. दुष्काळाचं एकही नाही.

रोकडा
आणि सोमवारच का? तो तख्तावर बसल्याचा वार.