लॅबसाठी कंडक्टिव्हिटी मीटर: खेळणं नक्की कशाला म्हणायचं?

सेलवाला_सदाशिवपेठी
परवा इथेच कुणीतरी छातीठोकपणे लिहिलंय, "लाखाच्या आतला कंडक्टिव्हिटी मीटर म्हणजे खेळणं. इम्पोर्टेड घ्या आणि मोकळे व्हा." खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मीटर करतो काय? पाण्यात बुडवलेल्या सेलच्या इलेक्ट्रोडमधून एसी करंट सोडतो, तो किती सहज वाहतो (कंडक्टन्स) ते मोजतो, आणि सेलच्या मापावरून ठरणाऱ्या आकड्याने, म्हणजे सेल कॉन्स्टंटने, गुणतो. हे काम आता स्वस्तातला मीटरही नीट करतो. घोळ होतात ते सेलमध्ये, तापमानात आणि स्टँडर्डमध्ये (ज्या माहीत असलेल्या द्रावणावर मीटर जुळवतात त्यात). डीएम वॉटरला (क्षार काढलेल्या पाण्याला) ०.१ कॉन्स्टंटचा सेल. नळाचं पाणी आणि कॉलेजची टायट्रेशन्स, १ चा. ब्राइन किंवा प्लेटिंगचा बाथ असेल तर १० चा, नाहीतर चार इलेक्ट्रोडचा. दोन इलेक्ट्रोडवाल्यात पोलरायझेशनमुळे (इलेक्ट्रोडपाशी भार साचल्यामुळे) आकडा कमी दिसतो. आधी सँपल सांगा, मग मॉडेल विचारा. भारी मीटरला १ चा सेल लावून डीएम वॉटर मोजणारे महाभाग पाहिलेत मी. वर रीडिंग तीन दशांशांपर्यंत!

जीएमपीग्रस्त
तो प्रतिसाद माझाच होता, आणि आजही तेच म्हणेन. तुमचं ज्ञान ऑडिटरसमोर सांगून बघा एकदा. फार्मात पाण्याच्या चाचणीच्या पहिल्या पायरीची मर्यादा २५ अंशांना १.३ मायक्रोसीमेन्स, तेही टेंपरेचर कॉम्पेन्सेशन (रीडिंग आपोआप २५ अंशांवर आणून दाखवणं) बंद करून. स्वस्त मीटरमध्ये ते बंदच होत नाही! कोणी, कधी कॅलिब्रेट केलं याची नोंद मीटरमध्ये राहत नाही. आमच्या आधीच्या कंपनीत असल्याच एका मीटरपायी अख्खी शिफ्ट कागद शोधत बसली होती. पैसे कागदाचे असतात साहेब.

सेलवाला_सदाशिवपेठी
म्हणजे कागदासाठी घेता, मोजण्यासाठी नाही. हेच म्हणत होतो, आभारी आहे.

प्रॅक्टिकल_मास्तर
तुमचं चालू द्या. आमच्याकडे निवड वगैरे काही नसते, एल-१ (सगळ्यात कमी भावाचं टेंडर भरणारा) येतो. टेंडरमध्ये फक्त "डिजिटल कंडक्टिव्हिटी मीटर" लिहिलं की सेल काय येईल ते देवाला ठाऊक. यंदा प्लेटांवर प्लॅटिनम ब्लॅक (प्लॅटिनमचा काळा, नाजूक थर) चढवलेला चांगला काचेचा सेल आला. पहिल्याच बॅचमधल्या एका पोराने आत टिश्यू घालून तो "स्वच्छ" केला. टिश्यूवर काळा डाग, प्लेटा चकचकीत, आणि पोरगं खूश. पुसू नका, नुसता धुवा आणि पाण्यात बुडवून ठेवा, हे फळ्यावर लिहिलेलं होतं. बरं, गुरुवारी लाईट नसते, म्हणून बॅटरीवाला मागितला तर अकाउंट्सवाले म्हणतात, "चैन आहे."

टँकरग्रस्त_वाघोली
एवढा काथ्याकूट कशाला? माझ्याकडे ऑनलाइन घेतलेला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) दाखवणारा पेन आहे. टँकरचं पाणी ९०० दाखवतो, आरओचं ४०. पेन भारी चालतो.

सेलवाला_सदाशिवपेठी
अहो, तो पेन टीडीएस मोजतच नाही! कंडक्टिव्हिटी मोजून एका ठरीव आकड्याने गुणतो. कुठल्या पेनात ०.५, कुठल्यात ०.७. कंडक्टिव्हिटी ६०० असलेलं एकच पाणी एक पेन ३०० सांगेल, दुसरा ४२०. आणि ४० चं पाणी पिऊन मिळवता काय? पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर २०००. २०१९ मध्ये हरित लवादानेही म्हटलं होतं की ५०० च्या खाली आरओ नको. खडकवासल्याच्या पाण्याला आरओ लावणाऱ्यांचं तर मला कळतच नाही.

टँकरग्रस्त_वाघोली
पेठेत बसून बोलायला काय जातं! या की एकदा, आमच्या टँकरचा चहा पाजतो. वर फाटलेल्या दुधासारखी साय धरते. महापालिका पाणी देत नाही, टँकरवाला पावती देत नाही, बिल्डर फोन उचलत नाही, आणि तुम्ही गुणक शिकवताय?

जीएमपीग्रस्त
टँकरकाका, आरओतून वाया जाणारं पाणी कुठे सोडता तेही सांगा.

टँकरग्रस्त_वाघोली
बागेत. तुमच्या बापाचं काय गेलं?

प्रॅक्टिकल_मास्तर
बापावर जाऊ नका. धागा लॅबचा आहे.

केसीएल_काकू
सगळ्यांचं वाचलं. स्टँडर्डचं कुणाला सुचलं का? ओव्हनमध्ये वाळवून गार केलेलं ०.७४५५ ग्रॅम केसीएल (पोटॅशियम क्लोराइड), एक लिटरच्या फ्लास्कमध्ये, चांगल्या पाण्यात. २५ अंशांना १४१३ मायक्रोसीमेन्स यायलाच हवं. ३० ला १५५२ येतं, म्हणजे एप्रिलातल्या आपल्या लॅबमध्ये थर्मामीटर न बघता १४१३ वर सेट केलंत की दहा टक्के तिथेच गेले, मीटर लाखाचा असो की हजारांचा. आणि जीएमपीवाले, तुमचं ते पाणी उघड्या बीकरमध्ये मोजत असाल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून आकडा बघता बघता १ च्या आसपास चढतो. फ्लो सेल (हवा न लागता वाहत्या पाण्यात मोजणारा) घेतलाय का?

जीएमपीग्रस्त
...फ्लो सेल मागितलाय. मंजुरी यायचीय.

सेलवाला_सदाशिवपेठी
लाखाचा मीटर आला, सेलला मंजुरी नाही. वा!

जीएमपीग्रस्त
बरं बाबा, सेल आधी. जिंकलात, पेढे वाटा. पण कॉम्पेन्सेशन बंद होणारा स्वस्त मीटर दाखवा, मग पुढचं बोलू.

सेलवाला_सदाशिवपेठी
मिळतात. मॅन्युअलमध्ये तापमान गुणांक शून्य करता येतो का, ते बघायचं. मॅन्युअल वाचायची सवय असेल तर.

प्रॅक्टिकल_मास्तर
काकू, टेंडरचा मजकूर कसा लिहू? सोमवारी द्यायचाय.

केसीएल_काकू
सेल कॉन्स्टंट आकड्यात लिहा, सुटा सेल वेगळा मिळेल अशी अट घाला, केबलची लांबी टाका. आणि "किंवा तत्सम" हे शब्द खोडा, एल-१ वाले तिथूनच घुसतात.