‘वेटिंग फॉर वाय-फाय’ : मोठी अ‍ॅप, छोटं नेट, तुमचे अनुभव सांगा

रानजाई
काल लातूर स्टँडवर भाची माझ्या शेजारी बसून गेम उतरवत होती. पावणेदोन जीबीचा. गाडी फलाटाला लागायच्या आत उतरलासुद्धा. मला एकदम २०१५ चा आमचा ओटा आठवला.

भाऊ नुकताच सिंगापूरला गेला होता, वेल्डर म्हणून. आईला त्याचं तोंड बघायचं होतं. व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप घ्यायला लावलं की गोल फिरायचा, थांबायचा आणि खाली यायचं, वेटिंग फॉर वाय-फाय. आईने विचारलं, कुणाची वाट बघतोय हा? मी सांगितलं, वाय-फाय लागतं, मोठं अ‍ॅप साध्या नेटवर घेत नाहीये. सेटिंग बदलता येतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आई पदराखाली फोन धरून तीन घरं फिरून आली, ‘तुमच्याकडे ते वाय-फाय आहे का’ विचारत. सगळ्या गावात नव्हतं.

शेवटी तालुक्याला एमएससीआयटीच्या क्लासमध्ये गेलो. सरांनी पासवर्ड टाकून दिला. आई दारातच चपला काढून, दोन्ही हातांत फोन धरून उभी राहिली. पाऊण तास. हलवला तर तुटेल म्हणून खांदासुद्धा हलवला नाही तिने. बस म्हटलं तरी बसली नाही.

तुमच्याकडे असं काही घडलंय? लिहा. भाचीला वाचून दाखवायचंय.

पंचवटीकर
ताई, आमचं मोबाईलचं दुकान २००९ पासून. असल्या किती आया बघितल्यात. आमच्याकडे डेस्कटॉपवर एक फोल्डर होतं, त्यात चालू सगळी अ‍ॅप उतरवून ठेवलेली. केबल लावायची, वीस रुपयांत पाच अ‍ॅप. गाण्यांचं मेमरी कार्ड भरायचे ते वेगळे.
मोठ्या गेमला दोन वस्तू लागायच्या, एपीके (अ‍ॅप बसवायची मुख्य फाईल) आणि ओबीबी (गेमची चित्रं-आवाज वगैरेची जोडफाईल). प्ले स्टोअरवर एपीकेला ५० एमबीची मर्यादा होती (२०१५ ला १०० झाली), म्हणून बाकीचा ऐवज ओबीबीत. पोरं मित्राकडून नुसतं एपीके घेऊन यायची आणि गेम काळ्या स्क्रीनवर अडकायचा. मग आमच्याकडे. ती फाईल अँड्रॉइडच्या ओबीबी फोल्डरमध्ये नेमक्या नावाने टाकली की चालू! त्या वेळचा पोरांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

मिरजेची_पोर
शेअरइट!!! नेट न लावता फोनवरून फोनवर फाईल पाठवायचं अ‍ॅप. होस्टेलला एकीने पैसे खर्चून उतरवायचं, मग तिच्या फोनवरून अख्ख्या मजल्याला. ३जीचं १ जीबी अडीचशेच्या आसपास होतं तेव्हा, २८ दिवस पुरवायचं. ज्या मुलीकडे अ‍ॅप असेल तिला मेसमध्ये पहिली जागा 😄

चहाबाज
मिरजेची_पोर, कुठलं होस्टेल? सांगलीचं असेल तर समोरच्या गाड्यावरचा चहा आठवतोय का

मिरजेची_पोर
@चहाबाज कोल्हापूर. पण चहाचं म्हणशील तर आमच्याकडेही आलेवाला होता, रात्री १ पर्यंत चालू

दूरदेशी
न्यू जर्सीहून. आमच्याकडे आयफोनला, मोबाईल नेटवर किती मोठं अ‍ॅप घेता येईल याची मर्यादा फोनमध्येच होती, सेटिंगच नव्हतं बदलायला. २०१० ला २० एमबी, २०१२ ला ५०, २०१३ ला १००, २०१७ ला १५०, २०१९ ला २००. त्याच वर्षी आयओएस १३ आल्यावर ‘विचारून घे’ हा पर्याय मिळाला. तोवर पैसे भरलेले, रेंज फुल, तरी नाही म्हणजे नाही.
कारण समजून घेण्यासारखं आहे. जून २०१० मध्ये इथल्या एका मोठ्या कंपनीने अमर्याद डेटा बंद करून नव्या ग्राहकांना १५ डॉलरला महिन्याला २०० एमबी दिलं होतं. अख्ख्या महिन्याचं! आता तेवढं एकच अ‍ॅप विचारून घ्यावं लागतं.
माझी आठवण २०१८ ची. बाबा पहिल्यांदा आले होते, त्यांना घेऊन लांब निघालो. वाटेत त्यांच्या कानाचं यंत्र फोनशी जोडायचं अ‍ॅप घ्यायचं होतं. १७० एमबी. घेईना. एका मित्राने फोनवर युक्ती सांगितली, डाउनलोड अडकलं की सेटिंगमध्ये जाऊन तारीख एक दिवस पुढे कर. केली आणि खरंच सुरू झालं. पेट्रोल पंपावर गाडीतच बसून होतो दोघं. अ‍ॅप लागल्यावर बाबा म्हणाले, ‘पाऊस पडतोय की रे.’ टपावरचा आवाज त्यांना पहिल्यांदा आला होता.

रानजाई
दूरदेशी 🙏 काटा आला अंगावर.

सुगरण_सातारा
दूरदेशी दादा, बाबांचं यंत्र कुठल्या प्रकारचं आहे? सासऱ्यांना घ्यायचंय, डॉक्टर दोन प्रकार सांगतायत. (भाजी फोडणीला आहे, नंतर सविस्तर वाचते सगळं)

दूरदेशी
@सुगरण_सातारा कानामागे लावायचं. निरोप पाठवतो तुम्हाला.

बोरीबंदर
जानेवारी २०१६ ला मुंबई सेंट्रलला फुकट वाय-फाय सुरू झालं, आठवतंय? मी तेव्हा विरारला राहायचो, काम लोअर परळला. रविवारी खास मुंबई सेंट्रलला उतरून तासभर बसायचो आणि आठवडाभराचे अपडेट उरकायचो. शेजारी कायम स्पर्धा परीक्षेची पोरं, पीडीएफ उतरवत. त्यातला एक नंतर तलाठी झाला, पेढे घेऊन त्याच बाकावर आला होता. पुढे अशी ४०० स्टेशनं झाली.
मग सप्टेंबरमध्ये जिओ आलं. सुरुवातीला दिवसाला ४ जीबी फुकट, आणि बाकावरची गर्दी पातळ झाली. स्वस्त झालं ते चांगलंच झालं. पण तो बाक मला अजून आपला वाटतो.

वैनी
आमच्या ह्यांना २०१३ ला ३८०० रुपये बिल आलं होतं पोस्टपेडचं. रात्रभर फोन आपोआप अपडेट घेत बसलेला. कंपनीचं नाव घेत नाही, पण ऑफिसात तीन चकरा मारून शेवटी पूर्ण भरावंच लागलं. पगार तेव्हा १४ हजार. त्या महिन्यात दूध अर्धं केलं होतं. म्हणून मला ती मर्यादा कधी वाईट वाटली नाही. कुणीतरी थांबवायला हवं होतं, निदान विचारायला हवं होतं.

पंचवटीकर
वैनी, अगदी बरोबर बोललात. विचारायला हवं. आम्ही नवीन फोन देताना पहिलं काम तेच करून देतो.

सुगरण_सातारा
कुठे असतं ते सेटिंग?

पंचवटीकर
@सुगरण_सातारा प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे तुमचा फोटो, सेटिंग्ज, नेटवर्क प्रेफरन्सेस. त्यात ‘अ‍ॅप डाउनलोड प्रेफरन्स’. दर वेळी विचार, असं ठेवा.

गुरुजी_७२
जि. प. शाळा. जून २०२०. शाळा बंद, शिक्षण चालू म्हणायचं. वर्गात २६ पोरं, स्मार्टफोन ९ घरांत, आणि तोही बापाबरोबर कामावर. दिवसाला दीड जीबीचा पॅक. अ‍ॅपमध्येच बराच जायचा, मग एक व्हिडिओ, की अकराच्या सुमारास स्पीड ६४ केबीपीएसवर. चित्र दिसेना, आवाज तुटक.
मी काय केलं, रात्री घरी सगळे व्हिडिओ उतरवायचे, छोटे करायचे, सकाळी मोटारसायकलवर वाडीवस्तीवर जाऊन माझ्या फोनवरून एकेका फोनात टाकायचे. चौथीतली एक पोरगी रस्त्यात उभी असायची. फोन आजीचा, त्यात जागा शिल्लक नाही. काय काढू म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘गुरुजी, आजोबांचा फोटो सोडून काहीपण काढा.’ आजोबा त्याच उन्हाळ्यात गेले होते.

मिरजेची_पोर
गुरुजी 😢 ती आता कितवीला असेल?

गुरुजी_७२
पुढे शिकतेय. आजीला घेऊन भेटायला आली होती दिवाळीत.

झाडीपट्टी
तुम्ही सगळे ‘होतं, होतं’ लिहिताय. आमच्याकडे गडचिरोलीत आतल्या गावांना आजही आहे. माझी आई अंगणवाडी सेविका. २०२१ ला राज्यभर सेविकांनी कामासाठी मिळालेले सरकारी मोबाईल परत केले होते, बातम्या वाचल्या असतील. फोन जुना, मेमरी कमी, कामाच्या नोंदींचं अ‍ॅप इंग्रजीत. आई त्यात होती.
आता फोन बरा आहे, रेंज नाही. अ‍ॅपचा अपडेट आला की जुनं उघडतच नाही आणि नवीन घ्यायला टेकडीवर जावं लागतं. पावसाळ्यात मी सोबत जातो. पहाटे चारला, कारण तेव्हा टॉवरवर गर्दी नसते. एका हातात छत्री, एका हातात फोन, टक्के मोजत. ४१, ४२, मग रेंज जाते. रानजाई ताई, तुमच्या आईचं वाचलं तेव्हा माझी आईच दिसली, तशीच न हलता उभी राहते.

रानजाई
झाडीपट्टी भाऊ, आईंना नमस्कार सांगा. कुठला तालुका?

झाडीपट्टी
@रानजाई एटापल्लीकडे.

बोरीबंदर
झाडीपट्टी, पंचवटीकरांसारखं फाईल दुसऱ्या फोनवरून नाही का टाकता येत? पर्यवेक्षिकांच्या फोनात असेलच की नवीन अ‍ॅप.

पंचवटीकर
येतं! एकाने उतरवायचं, बाकीच्यांनी गावातच घ्यायचं, नेट न लावता. अँड्रॉइडमध्येच सोय आहे. प्ले स्टोअरमध्ये ‘मॅनेज अ‍ॅप्स’ मध्ये जा, तिथे ‘शेअर अ‍ॅप्स’, एकाने सेंड, एकाने रिसीव्ह. दोन्ही फोन जवळ ठेवायचे. भाऊ, अडलं तर निरोप पाठव, फोनवर बसून करून देतो.

झाडीपट्टी
हे माहीत नव्हतं. सेक्टर मीटिंग आहे गुरुवारी, तिथे चौदा सेविका येतात. करून बघतो.

चहाबाज
झालं की इथे सांग रे

सुगरण_सातारा
वाचलं सगळं. भाजी करपली पण वाचलं.

झाडीपट्टी
गुरुवार रात्र. अकरा फोनांत गेलं. तिघींच्या फोनात जागा नव्हती, फोटो काढून ठेवायला पेनड्राइव्ह नेतोय पुढच्या वेळी. आई आज संध्याकाळी घरीच होती, टेकडीवर जावं लागलं नाही.